महापुरात गेलेली पदके: सरकारी दुय्यम पदक कोठे मिळते आणि प्रतिकृती केव्हा करावी

आपण विचारलेल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आपले आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून १९८५ मध्ये सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या घरात पाणी शिरले आणि त्यांची लोखंडी ट्रंक पदकांसह वाहून गेली. गाळ उपसताना फक्त एक पितळी रंगाचा तारा सापडला. त्याच ट्रंकेत पणजोबांची पहिल्या महायुद्धातील तीन पदकेही होती. आजोबांचे डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेले सेवेच्या नोंदीचे पुस्तक, भिजून गेले असून आता हातात पेन्शनचा आदेश आणि १९७८ सालचा गणवेशातील एक कृष्णधवल फोटो एवढेच उरले आहे. ही पदके सरकारकडून पुन्हा मिळतात का, की बाजारातून करून घ्यावी लागतात, आणि बाजारातून घेतली तर ते बेकायदा ठरते का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

मी तेवीस वर्षे पायदळाच्या एका रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर पदके जुळवून, रिबन बदलून, चौकटीत बसवून देण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून सर्वांत आधी एक गोष्ट सांगतो. सन्मान धातूच्या तुकड्यात नसतो, तो कागदावरच्या नोंदीत असतो, आणि ती नोंद पुरात वाहून गेलेली नाही. त्यामुळे दुकान शोधण्याआधी नोंद शोधावी. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. मुले-नातवंडे आधी एखाद्या लष्करी सामानाच्या दुकानात जातात, आठवेल तशी सहा-सात पदके विकत घेतात, ती चौकटीत लावतात, आणि पुढे कधी तरी कळते की त्यातली दोन आजोबांना मिळालेलीच नव्हती आणि जी मिळाली होती त्यातली एक राहून गेली आहे.

नोंद पाहताना पहिला प्रश्न असा विचारायचा असतो की पदक देय होते, की प्रत्यक्ष दिले गेले होते. बाहेरच्या माणसाला हा फरक शब्दांचा खेळ वाटतो, पण सगळे प्रकरण त्यावर फिरते. सैनिक एखाद्या पदकाला पात्र ठरला की युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकांच्या सेवेतील बदल नोंदवणाऱ्या आदेशात, तशी नोंद होते आणि त्या दिवसापासून त्याला त्या पदकाची रिबन छातीवर लावता येते. धातूचे पदक मात्र टाकसाळीतून तयार होऊन, कडेवर नाव कोरून, युनिटपर्यंत पोहोचेतो वर्षे उलटतात, आणि दरम्यान माणूस बदलीवर गेलेला असतो किंवा निवृत्त झालेला असतो. मग परेडला छाती रिकामी दिसू नये म्हणून तो छावणीच्या बाजारातून पदक विकत घेतो आणि तेच आयुष्यभर जपतो. खटाव तालुक्यातले एक नाईक माझ्याकडे पाच दुय्यम पदकांसाठी, म्हणजे गेलेल्या पदकांच्या जागी सरकार पुन्हा देते त्या पदकांसाठी, अर्ज लिहून घ्यायला आले होते. नोंदी मागवल्यावर दिसले की पाचांपैकी तीन पदके त्यांना कधी दिलीच गेली नव्हती. चोरीला गेली होती ती त्यांनी स्वतः १९७४ मध्ये विकत घेतलेली बाजारी पदके. म्हणजे त्या तिन्हींसाठी ‘दुय्यम’ मागायची गरजच नव्हती, मूळ पदकेच येणे बाकी होते, आणि मूळ पदकाला किंमत भरावी लागत नाही. आपल्या आजोबांच्या बाबतीतही असे निघण्याची शक्यता मी बरीच मोठी मानतो, कारण १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांतली पदके मिळवणाऱ्या पिढीत हे फार घडले आहे.

आता नोंद कोठे मिळेल ते पाहू. जवान आणि जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ आयोगप्राप्त अधिकारी) यांचे कागद त्यांच्या रेजिमेंटच्या वा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. वाचणाऱ्यांपैकी इतरांच्या सोयीसाठी सांगतो की महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे पुण्यात खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, चिलखती दलाचे आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला, तर ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचे नागपूरजवळ कामठीला आहे. नौसैनिकांची नोंद मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्सकडे असते आणि वायुसैनिकांची दिल्लीत सुब्रतो पार्कच्या रेकॉर्ड ऑफिसात. अधिकाऱ्यांचे कागद मात्र दिल्लीला त्या त्या सेनेच्या मुख्यालयात असतात.

कागद किती दिवस टिकतात हा मुद्दा लोकांना ठाऊक नसतो. सेनेच्या नियमांप्रमाणे, ज्यांना निवृत्तिवेतन लागू झाले नाही अशा सैनिकांची सेवापत्रके सेवा संपल्यापासून २५ वर्षांनी नष्ट करता येतात. निवृत्तिवेतनधारकांची ५० वर्षे ठेवली जातात. त्यानंतर ‘लाँग रोल’ नावाची जाड नोंदवही तेवढी राहते आणि तिच्यात एका माणसाच्या साऱ्या नोकरीला जेमतेम एक-दोन ओळी मिळतात. आपले आजोबा १९८५ ला निवृत्त झाले, म्हणजे त्यांच्या कागदांना अजून अवधी आहे, पण तो फार मोठा नाही. हे काम ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून टाकू नये, एवढेच यावरून घ्यावे.

अर्ज आजोबांच्याच नावाने आणि त्यांच्याच सहीने करावा. ते हयात आहेत ही या प्रकरणातली सर्वांत मोठी सोय आहे, कारण हयात सैनिकाने स्वतःच्या पदकांसाठी केलेल्या अर्जावर कोणी नात्याचे पुरावे मागत नाही. सैनिक हयात नसेल तर वारस कोण, पत्नी आहे का, मुलांपैकी इतरांची हरकत आहे का, असे धागे निघत जातात आणि नातवाचा अर्ज तर बहुधा ‘सर्वांत जवळच्या वारसामार्फत पाठवा’ या शेऱ्यासह परत येतो. आजोबांची सही थरथरत असेल तर अंगठा चालतो, मात्र तो जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांसमोर घ्यावा. सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन तेथील कल्याण संघटकांना भेटा. हे बहुधा स्वतः माजी सैनिक असतात आणि रेकॉर्ड ऑफिसला पाठवायच्या पत्राची भाषा त्यांच्या हाताखालून रोज जाते. अर्ज त्या कार्यालयाच्या अग्रेषण पत्रासह गेला तर तो टपालात भटकत नाही.

अर्जात सैनिक क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, बटालियन, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, पेन्शन आदेशाचा क्रमांक ही माहिती असावी आणि मागणी दोन टप्प्यांत करावी. आधी, ‘मला देय असलेल्या सर्व पदकांची आणि त्यांपैकी प्रत्यक्ष दिलेल्या पदकांची यादी द्यावी’, आणि त्याखाली, ‘न दिलेली मूळ पदके द्यावीत व दिलेली परंतु महापुरात नष्ट झालेली पदके पुन्हा द्यावीत.’ पदकांची नावे आठवणीतून भरू नयेत. ‘परमवीर’, ‘वीरचक्र’ असे शब्द घरात सहज वापरले जातात, छातीवरचा प्रत्येक तारा शौर्याचाच समजला जातो, आणि अर्जात एक चुकीचे नाव आले की वाचणाऱ्याचा बाकीच्या मजकुरावरचा विश्वासही डळमळतो. अर्जासोबत डिस्चार्ज बुकाच्या दुय्यम प्रतीचीही वेगळी मागणी जोडा, कारण ते पुस्तक पुढे इतर कामांनाही लागेल.

पदके कशी गेली याचा पुरावा म्हणून तीन कागद उपयोगी पडतात: महसूल खात्याचा पंचनामा, पोलीस ठाण्यातील नोंद आणि प्रतिज्ञापत्र. २०१९ च्या पुरानंतर तलाठ्यांनी घरोघरी पंचनामे केले होते आणि त्यावर सानुग्रह अनुदान वाटले गेले होते. त्या पंचनाम्याची प्रत तहसील कार्यालयातून मिळवा. त्यात पदकांचा उल्लेख नसणारच, कारण धान्य, भांडी, भिंती यांपलीकडे त्यात सहसा कोणी काही लिहीत नाही, पण घरात पाणी किती फूट होते हे त्यात असते आणि तेवढे पुरेसे आहे. पोलीस ठाण्यात जाऊन पदके पुरात गहाळ झाल्याची नोंद आता केली तरी चालते. उशीर का झाला ते एका वाक्यात सरळ सांगावे. काही लोक ‘चोरी दाखवली की काम लवकर होते’ असा सल्ला देतात. तो मुळीच ऐकू नये. चोरीची खोटी फिर्याद हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि शिवाय ती आपल्याच प्रकरणाला मारक ठरते, कारण नियमांचा सारा भर पदक निष्काळजीपणामुळे गेले की माणसाच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने गेले यावर आहे. निष्काळजीपणा असेल तर पदकाची किंमत सैनिकाने भरायची असते आणि ती मिलिटरी रिसीव्हेबल ऑर्डर, म्हणजे फौजेच्या भाषेत एमआरओ, भरून सरकारजमा होते. महापूर हे निष्काळजीपणाच्या अगदी विरुद्ध टोकाचे कारण आहे, तेव्हा किंमत माफ करण्याची विनंती अर्जातच करून ठेवावी. ती मान्य झाली नाही तरी रक्कम छातीत धडकी भरावी अशी नसते.

आता तो १९७८ चा फोटो. आपण त्याची जी प्रत पाठवली आहे ती मी भिंगाखाली पाहिली. खिशाच्या वर रिबनच्या तीन ओळी आहेत. वरच्या ओळीतली पहिली रिबन गडद असून तिच्या बरोबर मधोमध एक बारीक पांढरी रेघ आहे. लाल रंग जुन्या कृष्णधवल फिल्मवर काळपट उतरतो, आणि लाल रिबनवर मध्ये पांढरी रेघ ही खूण सेना मेडलची, म्हणजे शौर्यासाठी किंवा विशेष कर्तव्यनिष्ठेसाठी मिळणाऱ्या सेनेच्या पदकाची आहे. आपल्या पत्रात सेना मेडलचा शब्दही नाही. आजोबांनी कधी सांगितले नसेल, किंवा सांगितले असेल आणि इतर पदकांच्या गर्दीत ते हरवले असेल. माझा हा तर्क रिबनवरून केलेला आहे, त्यामुळे तो राजपत्रावरून पडताळून घ्यायलाच हवा, पण पहिल्या जागेवर ती रिबन असणे हेही त्याच बाजूने बोलते, कारण रिबनचा क्रम ठरलेला असतो आणि शौर्यपदक छातीच्या मध्याकडच्या बाजूला आधी येते.

सेना मेडल १९६० मध्ये सुरू झाले. ते चांदीचे, ३५ मिलिमीटर व्यासाचे असते. पुढच्या बाजूला टोक वर केलेली संगीन आणि मागच्या बाजूला उभा सैनिक व ‘सेना मेडल’ ही देवनागरी अक्षरे असतात. शौर्यपदकांची आणि सेना मेडलची घोषणा भारताच्या राजपत्रात होते, बहुतेक वेळा प्रजासत्ताक दिनी किंवा स्वातंत्र्यदिनी, आणि जुनी राजपत्रे आता राजपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर चित्ररूपात उपलब्ध आहेत. संरक्षण मंत्रालयाचे शौर्य पुरस्कारांचे वेगळे संकेतस्थळही आहे आणि त्यावर नावाने शोध घेता येतो. नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंगचे चार-पाच प्रकार करून पाहा. आपल्याकडचे ‘ज्ञानू’ राजपत्रात कोणत्या रूपात छापले जाईल याचा नेम नसतो, आणि आडनाव गाळून केवळ नाव व वडिलांचे नाव छापलेलेही मी पाहिले आहे. सैनिक क्रमांक मात्र चुकत नाही. शोध त्यानेच पक्का करावा.

हे पदक खरोखर त्यांचे निघाले आणि ते शौर्यासाठी दिलेले असेल तर आणखी एक गोष्ट ताबडतोब पाहावी लागेल. शौर्यासाठीच्या सेना मेडलला १ ऑगस्ट २०१७ पासून दरमहा २,००० रुपये भत्ता आहे. त्याच तारखेपासून परमवीर चक्राला २०,०००, अशोक चक्राला १२,०००, महावीर चक्राला १०,०००, कीर्ती चक्राला ९,०००, वीर चक्राला ७,००० आणि शौर्य चक्राला ६,००० असे दर आहेत. हा भत्ता राजपत्रातील घोषणेवर मिळतो, पदक घरात आहे की नाही यावर अवलंबून नसतो. त्यामुळे पदक हरवल्याने तो थांबत नाही, आणि आजवर तो मिळतच नसेल तर थकबाकीसाठी वेगळा अर्ज करता येतो. आजोबांच्या पेन्शनची पावती काढून त्यात ही ओळ आहे का ते आधी पाहा. पदकाच्या शोधात निघालेल्या माणसाला न मिळालेला भत्ता सापडल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

खालच्या दोन ओळींतल्या रिबन फोटोवरून निश्चित सांगता येत नाहीत, पण १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत असलेल्या आणि वीस वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या जेसीओच्या छातीवर कोणती पदके संभवतात ते सांगता येते. समर सेवा स्टार १९६५, १९७१ च्या युद्धाचा पश्चिमी किंवा पूर्वी स्टार, रक्षा मेडल १९६५, १९७१ चेच संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक, आणि नोकरीच्या वीस व नऊ वर्षांची दोन पदके. मी ती मुद्दाम ज्या क्रमाने लावतात त्याच क्रमाने लिहिली आहेत. सैन्य सेवा मेडल नुसते मिळत नाही, त्याच्या रिबनवर प्रदेशाच्या नावाची पट्टी असते, ‘जम्मू काश्मीर’, ‘नेफा’ (आजचा अरुणाचल प्रदेश), ‘हिमालय’ अशी, आणि चौकटीत लावताना ती पट्टी हटकून राहून जाते. रेकॉर्ड ऑफिसकडून यादी येईल तेव्हा पट्टीची नोंद आहे का ते पाहा.

सापडलेला तारा १९६५ चा आहे की १९७१ चा, हे त्यावरची अक्षरे सांगतील. त्यावरचा गाळ काढण्यासाठी चिंच, लिंबू, राखुंडी किंवा भांडी घासायची कोणतीही पावडर वापरू नका. साध्या स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवा, मऊ दात-ब्रशने हलक्या हाताने पुसा आणि सावलीत सुकवा. तांब्याच्या मिश्रधातूवर वर्षानुवर्षांनी जी तपकिरी छटा येते ती मळ नसून पदकाचे संरक्षण आहे. चकचकीत केलेल्या पदकावरची अक्षरे दर वेळी थोडी थोडी झिजतात. मग पदक आडवे धरून, कडेवर तिरपा उजेड पाडून, भिंगाने पाहा. सरकारने दिलेल्या पदकावर क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट असे कोरलेले असते. तेथे आजोबांचा क्रमांक असेल तर पदक मूळ आहे, आणि काहीच नसेल तर ते बाजारी आहे असे बहुधा समजावे. दुसऱ्या बाबतीत वाईट वाटून घेऊ नये. ते त्यांनी युद्धाहून आल्यावर स्वतःच्या पगारातून घेतलेले असते.

रेकॉर्ड ऑफिस पडताळणी करून ज्या पदकांचा साठा त्याच्याकडे असेल ती देते, बाकीची मागणी सेना मुख्यालयाच्या ॲडज्युटंट जनरल शाखेकडे पाठवते. पदके आणि सन्मानचिन्हे कोलकात्याच्या सरकारी टाकसाळीत बनतात, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोहिमेच्या पदकाचा साचा कोणी रोज चालवत नाही. त्यामुळे नऊ वर्षांचे पदक लवकर येईल, पश्चिमी स्टारला वेळ लागेल आणि सेना मेडलचे प्रकरण सर्वांत सावकाश जाईल, अशी मनाची तयारी ठेवा. तीन महिने उत्तर आले नाही तर स्मरणपत्र पाठवा. सहा महिन्यांनीही काही हलले नाही तर दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढा एकच प्रश्न विचारा. हाही अर्ज आजोबांच्या नावानेच असावा, नाहीतर त्रयस्थाची माहिती म्हणून नाकारला जातो. माहितीच्या अधिकाराने सुरुवात मात्र करू नये. ज्या कारकुनाच्या हातात आपला कागद आहे त्याला पहिल्याच दिवशी नोटीस दिल्यासारखे ते होते. ही माझ्या जुन्या खुर्चीची बाजू आहे असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे.

पणजोबांच्या पदकांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. तीन पदके आणि त्यातला एक तारा, या वर्णनावरून ती १९१४-१५ चा स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल ही त्रयी असणार. ते ११७ व्या मराठा पलटणीत होते असे आपण लिहिले आहे. ही पलटण मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये लढली, २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील कुत शहरात शरण गेलेल्या फौजेत होती, आणि युद्धानंतर तिला ‘रॉयल’ हा किताब मिळाला. १९२२ च्या फेररचनेत ती मराठा रेजिमेंटची पाचवी बटालियन झाली. ही पदके भारत सरकार पुन्हा देत नाही, कारण ती भारत सरकारची नव्हेतच. ब्रिटनचे संरक्षण मंत्रालयही पहिल्या महायुद्धातली वा त्याआधीची पदके पुन्हा देत नाही. त्यानंतरची देते, तीसुद्धा चोरीला गेली किंवा आगीत-पुरात नष्ट झाली असतील आणि पोलिसांचा अहवाल वा विम्याच्या दाव्याची प्रत असेल तरच. म्हणून त्या पत्रव्यवहारात वेळ घालवू नये. पुराव्यासाठी लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात महायुद्धातील पदकांच्या याद्या आहेत आणि पदकांच्या सूचिपत्रांत भारतीय सैन्यातील काही शिपायांचीही कार्डे आहेत. तेथे नाव सापडले तर त्याची प्रत पदकांच्या शेजारी चौकटीत लावावी. माझ्या मते ती प्रतिकृतीपेक्षा मोलाची.

येथे आपल्यापुढे दोन वाटा राहतात. एक म्हणजे त्याच काळातली खरी पदके संग्राहकांकडून विकत घेणे. दुसरी म्हणजे नवी प्रतिकृती करून घेणे. पहिल्या वाटेत अडचण अशी की त्या पदकांच्या कडेवर, आणि ताऱ्याच्या पाठीवर, दुसऱ्याच कोणा शिपायाचे नाव असते. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे, जवळजवळ एक औंस वजनाचे आहे, आणि त्यामुळेच आपल्याकडच्या कितीतरी गावांतून ती सराफाच्या मुशीत गेली. जी उरली ती त्या त्या माणसाची शेवटची खूण आहे. एका विक्रेत्याने माझ्या ओळखीच्या कुटुंबाला अशा पदकाची कड घासून त्यावर त्यांच्या पणजोबांचे नाव टाकून दिले होते आणि वर ‘मूळ’ म्हणून पैसे घेतले होते. या पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. व्हर्नियर कॅलिपर लावल्यावर ते आडव्या आणि उभ्या मापात सारखे भरेना, आणि नव्या अक्षरांचा तळ जुन्या अक्षरांसारखा सपाट ठशाचा नसून सुईने ओरखडल्यासारखा होता. एका शिपायाचे नाव पुसून दुसऱ्याचे लिहिणे हे मला फसवणुकीहून वाईट वाटते. आपण ही वाट घेऊ नये, आणि घेतलीच तर पदकावरचे नाव तसेच राहू द्यावे. सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट अशी की शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. म्हणून अशी पदके परदेशातील नातेवाइकांकडे परस्पर पाठवू नयेत.

प्रतिकृती करून घेणे बेकायदा आहे का, तर नाही. सेवेतले लोकसुद्धा मूळ पदके कपाटात ठेवून परेडला प्रतिकृती लावतात. मेसच्या पोशाखावर लावायची छोटी पदके, ज्यांना मिनिएचर म्हणतात, ती तर बहुतेक सर्व बाजारातूनच येतात. दिल्ली छावणीतील गोपीनाथ बाजार यासाठी प्रसिद्ध आहे, आणि पुण्यातल्या कॅम्पातही असे काम करणारे कारागीर आहेत. गुन्हा होतो तो हेतूने. सैनिक नसताना आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे म्हणून सैनिकी पोशाख वा चिन्ह मिरवले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सेवेत असलेल्या सैनिकाने स्वतःचे पदक विकले, गहाण टाकले, नष्ट किंवा विद्रूप केले तर सैन्य अधिनियम १९५० च्या कलम ५४ खाली तोही गुन्हा आहे. घरातल्या भिंतीवरच्या चौकटीचा या दोन्हींशी संबंध नाही. आपण स्वतः ही पदके लावावीत का, असाही प्रश्न मनात येईल. वारसांनी दिवंगत सैनिकाची पदके युद्धस्मारकावरच्या मानवंदनेसारख्या प्रसंगी छातीच्या उजव्या बाजूला लावण्याची पद्धत आहे. डावी बाजू ज्याने पदक मिळवले त्याचीच. पणजोबांची पदके आपण अशा प्रसंगी उजवीकडे लावू शकाल. आजोबा हयात असताना त्यांची पदके मात्र त्यांनीच लावायची.

प्रतिकृती घेताना दोन गोष्टी पाहा. ओतीव पदकाचा पृष्ठभाग भिंगाखाली बारीक छिद्रांचा दिसतो आणि अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या असतात. ठशाने पाडलेले पदक स्वच्छ असते आणि हातात घेताच वजनाचा फरक कळतो. दुसरे म्हणजे रिबन. बत्तीस मिलिमीटर रुंदीची विणलेली रिबन मागा. छापील रिबनवरचे रंग दोन पावसाळ्यांत एकमेकांत मिसळतात. कडेवर नाव कोरून घ्यायचे असेल तर त्याच्या शेजारी ‘प्रतिकृती’ हा शब्दही बारीक अक्षरांत कोरून घ्या. ब्रिटनमध्ये सरकारने पुन्हा दिलेल्या पदकावरही तसा ठसा असतो आणि त्याने त्याची प्रतिष्ठा कमी झालेली नाही. आज आपल्याला सारे ठाऊक आहे, पण ही चौकट आणखी साठ वर्षांनी कोणाच्या हातात असेल ते आपल्याला ठाऊक नाही.

तोवर, सरकारी पदके येईपर्यंत, आजोबांना रेजिमेंटच्या मेळाव्याला जायचे असेल तर रिबनची पट्टी तेवढी करून द्या. पात्रतेची नोंद असलेल्या सैनिकाला रिबन लावण्यासाठी पदक हातात असावे लागत नाही. यादी आली की तिची एक प्रत मला पाठवा, म्हणजे सेना मेडलविषयीचा माझा तर्क बरोबर होता की चूक ते मलाही कळेल, आणि पट्टीवरचा क्रम मी तपासून देईन.